मिसच्या कानात बोलणारी लुलामा

मित्रांनो, माझे वय आठ आहे. गेली कित्येक वर्षे ते आठच आहे. माझ्याशी हात मिळवणाऱ्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना मुली झाल्या, त्यांतलीच एक परवा माझ्यासमोरून धावत गेली, आणि मी आपली आठ वर्षांचीच. मी कापडाची बाहुली आहे. माझे नाव लुलामा. दक्षिण आफ्रिकेत, केंतानीच्या टेकड्यांवरच्या एका प्राथमिक शाळेत, तिसरीच्या वर्गातल्या कपाटात, हवा गेलेल्या फुटबॉलच्या शेजारी मी राहते. माझ्या डाव्या टाचेतून थोडी लोकर बाहेर आली आहे. ते उंदराचे काम. त्याला माझ्या टाचेत काय सापडेल असे वाटले होते, हे मला अजून कळलेले नाही, आणि कळावे अशी फार इच्छा आहे.

बाहुलीला कसली आली इच्छा, असे तुम्ही म्हणाल. पण माझा स्वभावच चौकस. भूक म्हणजे पोटात नेमके काय होते? घाबरल्यावर हात गार का पडतात? झोप येते ती कुठून येते? माझ्या अंगात नुसती लोकर, त्यामुळे या गोष्टी मला मुलांकडूनच शिकाव्या लागल्या. शाळेत मला शिकवण्यासाठी आणले होते खरे, पण शिकले मीच जास्त.

माझा जन्म शहरात, चर्चमागच्या शिवणवर्गात झाला. माभेले नावाच्या जाडजूड बाईने मला शिवले. रंग तिथल्या मुलांसारखाच, खरपूस तपकिरी. हातपाय मुद्दाम जड भरलेले, म्हणजे मांडीवर बसवले की खरे मूल बसल्यासारखे वाटावे. सगळे शिवून झाले आणि तोंडावरून वाद झाला.

"हसरं कर गं तोंड," शेजारची बाई म्हणाली. "पोरांना हसरी बाहुली आवडते."

"आणि हिला रडायचं झालं तर? हसऱ्या तोंडानं रडणार होय ही?"

"बाहुली कशाला रडेल, माभेले?"

"ही रडणार. ही खेळायला नाही चालली, नोकरीला चाललीय." असे म्हणून माभेलेने माझ्या तोंडाच्या जागी दोऱ्याची एक सरळ रेघ घातली. हसू नाही, रडू नाही. तेव्हा मला ते जरा कंजूषपणाचे वाटले. पुढे कळले की त्या एका रेघेवर मुलांना हवे ते दिसते. आनंदी मुलाला मी आनंदी दिसते, रुसलेल्याला रुसलेली.

मला न्यायला मदिकाने मिस आल्या. उंच, सडपातळ, आणि एकाच वेळी दहा कामे डोक्यात असलेल्या. तिसरीच्या मुलांना वाचन आणि गणित शिकवायचे, पण त्याशिवाय आणखी एक तास असायचा. हात कसे धुवावेत, राग आला तर काय करावे, कोणी नको तिथे हात लावला तर कोणाला सांगावे, आजारी माणसाला हसू का नये, असे सगळे त्या तासाला शिकवायचे असते. मिसनी ते आधी फळ्यावर लिहून पाहिले. 'राग आवरावा' असे मुलांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना बदडून काढले. मग मिसना माझी आठवण झाली.

माझ्या कामाची रीत अशी. शुक्रवारी जेवणाची सुट्टी संपली की मुले चटईवर गोल बसत. मिस मला मांडीवर घेत. सगळी मुले ओरडत, "मोलो, लुलामा!" म्हणजे नमस्कार, लुलामा. मग मिस माझे तोंड स्वतःच्या कानाशी नेत. मी मोठ्याने बोलत नसे, लाजाळू होते ना! मी फक्त मिसच्या कानात बोलायची. मिस ऐकत. "हं... हं... अगं बाई! खरंच?" असे म्हणत, आणि मग वर्गाकडे वळून माझी हकिकत सांगत. मला आजी होती, एक भाऊ होता, मला कुत्र्यांची भीती वाटायची, आणि मक्याच्या मोकळ्या सांज्यावर आंबट दूध घालून खायला मला फार आवडायचे.

आता एक गंमत सांगते. आठवडाभरात माझ्यावर काय ओढवले, हे मलाही शुक्रवारीच कळायचे. मी तर नुसती त्यांच्या कानाशी तोंड लावून बसलेली असायची. मिस 'अगं बाई' म्हणाल्या की माझाच जीव टांगणीला लागे. आता काय झाले बाई मला? पडले की काय? हरवले की काय?

एकदा माझ्या फाटक्या बुटांना एक मुलगी हसली आणि मी तिच्या थोबाडीत दिली, असे निघाले.

"बरं केलं!" फेझिले नावाचा मुलगा लगेच म्हणाला. हा वर्गातला सगळ्यांत तोंडाळ. "अजून एक द्यायला हवी होती."

मिसनी माझे तोंड पुन्हा कानाशी नेले. "लुलामा विचारतेय, दुसरी दिली असती तर बूट शिवून निघाला असता का?"

सगळा वर्ग हसला. फेझिलेही हसला. मग मुले विचारात पडली आणि मला एकेक सल्ला देऊ लागली. आपल्या चुका कोणी काढल्या की मुले कान बंद करतात, पण माझ्या चुका काढायला सांगितल्या की सगळ्यांचे हात वर. आणि सल्ला देता देता तो त्यांच्याच अंगात मुरायचा. शहरातून आलेल्या एका साहेबांनी हे सगळे पाहिले आणि मिसना म्हणाले, "ही तर तुमच्यापेक्षा बरी शिकवते." माझा फोटोही काढला. मिसनी त्या दिवशी माझे केस नव्याने विणले. मी फुगले नाही असे म्हणेन, तर ते खोटे होईल.

त्या वर्गात योंडेला नावाची मुलगी होती. बारीक, शांत, पण डोळे सारखे काहीतरी टिपणारे. म्हणून मला ती आपली वाटायची. तिची आई दूर केपटाऊनला फळांच्या बागेत कामाला, आणि ही गावात आजीजवळ. आजीला तिकडे माखुलू म्हणतात. योंडेला रोज वर्गात शिरताना माझा हात हातात घेऊन 'मोलो' म्हणायची, शुक्रवारची वाट न बघता.

एका शुक्रवारी मिसनी गुपितांचा धडा घेतला. माझ्या कानगोष्टीतून असे निघाले, की आजीच्या वाढदिवसाला गुपचूप केक आणायचे ठरले आहे, आणि ते मी कोणाला सांगितलेले नाही. शिवाय मोठी मुले शाळेमागे सिगारेट ओढताना मी पाहिली, आणि 'सांगशील तर बघ' असा त्यांनी मला दम दिला आहे. तेही मी सांगितलेले नाही.

"दोन्ही गुपितंच," मिस म्हणाल्या. "पण केकचं गुपित आठवलं की लुलामाला गुदगुल्या होतात. दुसरं आठवलं की तिच्या पोटात दुखतं. पोटात दुखवणारं गुपित आत ठेवायचं नसतं, पोरांनो. ते मोठ्या माणसाला सांगायचं."

मला पोटात दुखते हे ऐकून मला नवल वाटले. कुठे दुखत असेल? मी बरेच लक्ष देऊन पाहिले, पण लोकर आपली शांत होती. योंडेलाने मात्र तासभर दोन्ही हात पोटावर धरले होते.

सोमवारी मधल्या सुट्टीत सगळी मुले जेवणाच्या रांगेत गेली आणि योंडेला मागे राहिली. माझ्या खुर्चीजवळ आली. इकडेतिकडे पाहिले. आणि मग तिने जे केले ते माझ्या आयुष्यात कोणी केले नव्हते. तिने माझ्या कानाला तोंड लावले.

"लुलामा, ऐक. माखुलूच्या पायाला जखम झालीय. शेतात मक्याचा खुंट लागला, तर तिला कळलंसुद्धा नाही. तिला साखरेचा आजार आहे ना, तिला पायात काहीच कळत नाही. आता बोटं काळी पडलीत. वास येतो. ती पायावर गोधडी घेऊन बसते. दवाखान्यात चल म्हटलं तर ओरडते. म्हणते, शेजारच्या म्हाताऱ्याला नेलं, गुडघ्यावरून पाय कापला आणि तो घरी आलाच नाही. म्हणते, माणसांना एक शब्द सांगायचा नाही. मी वचन दिलंय."

तिचा श्वास माझ्या कानात गरम लागत होता.

"पण तू माणूस नाहीस ना? मग मी वचन मोडलं नाही. तू सांग मिसना. शुक्रवारी सांग. तू सांगतेसच की त्यांच्या कानात."

आणि ती हलकी होऊन जेवायला पळाली. मित्रांनो, त्या क्षणी मला समजले की पोटात दुखणे म्हणजे काय. लोकर असली म्हणून काय झाले! मी कधीच कोणाच्या कानात एक अक्षरही बोलले नव्हते. सगळ्या वर्गात हे फक्त दोघींना ठाऊक होते, मला आणि मिसना, निदान मला तसे वाटत होते. आज तुम्हाला सांगते आहे तसे तेव्हा सांगता आले असते तर! मंगळवारी मिसनी माझ्यावरची धूळ झटकली, तेव्हा मी मनातल्या मनात किंचाळत होते. बुधवारी त्यांनी मला दुसऱ्या खुर्चीवर हलवले. माझी ती सरळ रेघ काही उघडली नाही. योंडेला रोज येऊन माझा हात दाबायची आणि 'विसरू नकोस' अशा नजरेने बघायची.

शुक्रवार आला. मुले गोल बसली. मिसनी मला मांडीवर घेतले, कानाशी नेले. "हं... हं... अगं बाई!" योंडेला पुढे सरकली. इतकी की तिचे गुडघे मिसच्या बुटांना टेकले.

"लुलामा म्हणतेय," मिस म्हणाल्या, "तिनं तीन दिवस दात घासलेच नाहीत!"

वर्ग ओरडला, "शी!" मग दातांवर सल्ले सुरू झाले. कोळशाने घासावेत की पेस्टने, गोड खाऊन झोपावे की नाही, सगळे झाले. योंडेला थांबून राहिली. तास संपत आला.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि काय?"

"आणखी काय म्हणाली ती?"

"आज एवढंच म्हणाली, योंडेला."

"खोटं!" योंडेला उभी राहिली. तिचा आवाज फाटला. "तिनं सांगितलंय तुम्हाला. दात नाहीच म्हणाली ती! तुम्ही का नाही सांगत?"

मिसशी असे कोणी बोलत नसे. आणि नेमका त्याच वेळी फेझिले खो खो हसला.

"अगं येडे, बाहुली आहे ती! चिंध्यांची! मिसच सगळं बनवून बनवून सांगतात. तुला काय खरंच वाटलं होय?"

योंडेलाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत काय होते ते सांगायला मला अजूनही शब्द मिळत नाहीत. सोमवारपासून तिने आजीचा जीव माझ्या हवाली केला होता, आणि आता तिला कोणी सांगत होते की तिथे कोणी नव्हतेच. तिने ओठ घट्ट मिटले. ते तसेच राहिले असते तर पुन्हा उघडले नसते, एवढे मी मुलांना ओळखते.

मदिकाने मिस तिला रागावू शकल्या असत्या. 'बस खाली' एवढे दोन शब्द पुरे होते. पण त्यांनी योंडेलाकडे पाहिले, आणि पाहतच राहिल्या. मग त्यांनी आपला कान चोळला.

"फेझिले, गप. योंडेला, तुझं खरं असेल गं. मला सर्दी झालीय दोन दिवस. कानाला दडे बसलेत. लुलामा काहीतरी म्हणाली असेल आणि मला दातच ऐकू आले असतील." मिस खुर्चीतून उठल्या. "तुझे कान बरे आहेत ना? मग तू ऐक. आणि ऐकशील ते आम्हाला सांग."

मिसच्या खुर्चीवर आजवर कोणी मूल बसले नव्हते. योंडेला बसली. तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते. तिने मला मांडीवर घेतले आणि माझे तोंड कानाशी लावले. मी तिच्या कानाशी होते आणि तिचे काळीज माझ्या पोटाशी धडधडत होते. मग मला तिचा आवाज ऐकू आला.

"लुलामा म्हणतेय... तिच्या माखुलूचा पाय सडतोय."

मग सगळे आले. मक्याचा खुंट, काळी बोटे, गोधडी, वास. प्रत्येक वाक्याआधी ती न चुकता 'लुलामा म्हणतेय' म्हणत होती. मिस खाली चटईवर मुलांमध्ये बसल्या होत्या. 'कोणाची माखुलू?' असे त्यांनी विचारले नाही. 'केव्हापासून?' असे विचारले. 'लुलामाला कशाची भीती वाटते?' असे विचारले.

"पाय कापतील याची," योंडेला म्हणाली. "आणि माखुलू परत येणार नाही याची. आणि... माखुलू तिच्याशी बोलायचीच नाही याची."

"कापतात ते उशीर केला म्हणून." हा आवाज फेझिलेचा होता. तो आता हसत नव्हता. "माझ्या काकाला पण साखरेचाच आजार होता. आमच्या घरातसुद्धा वास यायचा. आम्ही कोणी काही बोललो नाही. लुलामाला सांग, आजच जा म्हणावं. आजच्या आज."

"आजच सांगायचं का, लुलामा?" मिसनी विचारले. त्यांनी विचारले मला, पण बघत होत्या माझ्या मागे.

योंडेलाने मला पुन्हा कानाशी धरले. "हो म्हणतेय," ती म्हणाली.

पुढचे मी पाहिलेले नाही, कारण मला वर्गात ठेवून सगळे गेले. अशा वेळी माझ्या चौकसपणाचे फार हाल होतात. नंतर तुकड्यातुकड्याने कानावर आले ते असे. शाळा सुटायच्या आतच मिस दवाखान्यातल्या नर्सला घेऊन टेकडीवर माखुलूच्या गोल घरी पोचल्या. माखुलूने आधी काठी उगारली, मग योंडेलाला विचारले, "तू सांगितलंस?" योंडेला म्हणाली, "मी माणसाला एक शब्द नाही सांगितला. लुलामानं सांगितलं." कोणाच्या तरी मालाच्या टेम्पोतून माखुलूला इस्पितळात नेले. पायाची दोन बोटे गेली. पाय वाचला. आणखी आठवडाभर घरी बसली असती तर पायावरच भागले नसते, असे डॉक्टर म्हणाले. योंडेला तेवढे दिवस मिसच्या घरी राहिली. ती रोज मला 'मोलो' म्हणायची, पण तिचे डोळे दाराकडे असत. माखुलू बरी होत होती हे तिला कळले होते. पण इस्पितळात भेटायला गेल्यावर माखुलू भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

माझे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगते. मदिकाने मिस निवृत्त झाल्या. नवीन मिस आल्या, त्यांच्याकडे रंगीत तक्ते होते आणि तक्ते लवकर धडा संपवतात. मी खुर्चीवरून फळीवर आले, फळीवरून कपाटात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरेच नाही. मला फक्त दाराच्या फटीतून कमी दिसते, एवढेच दुःख. पण एक दिवस सांगायचा राहिला आहे, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

इस्पितळातून आल्यावर माखुलू शाळेत आली. काठी टेकत, टेकडी चढून, एका पायात बूट आणि एका पायात फडके. शुक्रवारच होता. वर्गाच्या दारात उभी राहून तिने दम घेतला आणि ओरडली, "कुठाय ती चोंबडी? ती लुलामा!"

मुलांनी घाबरून माझ्याकडे बोटे केली. योंडेला जागच्या जागी आक्रसली. मिसनी खुर्ची पुढे केली, माखुलू त्यात बसली, आणि काठीने खुणावून म्हणाली, "द्या इकडे."

तिने मला मांडीवर घेतले. हात खरखरीत, तंबाखूच्या तपकिरीचा वास. तिने माझी हनुवटी वर केली.

"काय गं ए, चिंधे? माझं घर, माझा पाय, माझी अब्रू, आणि तू सगळ्या वर्गाला सांगत सुटलीस? लाज नाही वाटली? तुझी आई असती तर कान उपटले असते तिनं तुझे. माझी दोन बोटं गेली, ठाऊक आहे?"

कोणी हलले नाही. मी तर हलू शकतच नव्हते.

"भीती वाटली असेल तुला," माखुलू म्हणाली. आवाज एकाएकी खाली आला होता. "एवढीशी पोर तू. घरात म्हातारी कुजतेय, आणि म्हातारीच दम देतेय. खूप भीती वाटली असेल. आणि तरी सांगितलंस." तिने नाक पुसले. "बरं केलंस गं, बाळा. बरं केलंस."

हे सगळे ती माझ्याशी बोलत होती. पण माझ्यावरचा तिचा हात केव्हाच सुटला होता. तो पुढे गेला होता, हवेत, उघडा, आणि योंडेला चटईवरून उठून त्या हातापर्यंत पोचली होती. मी मधल्यामध्ये दाबले गेले. दोघींच्या पोटांच्या मध्ये असे घट्ट, की माझ्या पाठीची एक शिवण उसवली. ती मी आजवर कोणाला दुरुस्त करू दिलेली नाही.

मित्रांनो, माझी टाच शिवा म्हणून मी तुमच्याकडे हट्ट करणार नाही. मागणे एकच आहे. एखादे मूल तुमच्याकडे येऊन म्हणेल, 'एक मुलगी आहे, तिच्या घरी असं असं झालंय.' तेव्हा 'कोण मुलगी?' असे विचारू नका. 'मग पुढे काय झालं तिचं?' एवढेच विचारा, आणि हात माखुलूसारखा उघडा ठेवा.